फर्निचरच्या दुकानाचा इतिहास: किल्ल्या बदलल्या त्या वर्षापासून सुरुवात करा

पत्राने आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांनी फर्निचरचं दुकान काढलं, वडील आणि काकांनी ते चालवलं, आता तिसऱ्या पिढीतली दोन चुलत भावंडं ते बघतात, आणि दुकानातला सगळ्यात जुना पॉलिशवालाही अजून आहे. दुकानाचा इतिहास लिहायचं त्यांच्या मनात आहे. पण ‘आजोबा रिकाम्या हातांनी आले आणि कष्टाने दुकान उभं केलं’ या वाक्यापुढे काही सरकत नाही. सुरुवात कुठून करायची, कोणते कागद बघायचे, आणि वाटणीच्या वेळचं भांडण लिहायचं की नाही?

मी आधी जुन्या फर्निचरची दुरुस्ती करायचो. आता बरीच वर्षं व्यापारी घराण्यांचे कागद लावून त्यांचे इतिहास लिहून देतो. हे अडलेलं वाक्य मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटलं आहे. संस्थापकाची गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झालेली असते की ती अगदी गुळगुळीत होते. तिच्यात तारीख उरत नाही, कर्ज उरत नाही, फसलेला माल उरत नाही. अशा गोष्टीला धरून लिहायला बसलं की हाताला काही लागत नाही.

म्हणून आजोबांना थोडा वेळ बाजूला ठेवा. दुकानाच्या किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या ते वर्ष शोधा. त्याच्या आधीची तीन वर्षं आणि नंतरची पाच वर्षं, एवढाच तुकडा आधी लिहा. एरवी न लिहिलेलं सगळं त्या काळात कागदावर येतं. देणं किती, येणं किती, मालाची मोजदाद, जागा कोणाच्या नावावर, बँकेत सही कोणाची. सगळं सुरळीत चालू असताना हे कोणी लिहून ठेवत नाही.

आणि त्या तुकड्यात हमखास असं कोणीतरी सापडतं, ज्याचा फोटो दुकानात लावलेला नसतो.

लंडनमधल्या हील्स या फर्निचरच्या दुकानाचं उदाहरण घ्या. जॉन हॅरिस हील यांनी 1810 मध्ये पिसं साफ करून गाद्या भरण्याचा धंदा सुरू केला. 1833 मध्ये ते वारले. पुढची वर्षं दुकान त्यांच्या पत्नीने, फॅनी हील यांनी चालवलं, आणि टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या ज्या जागेशी हे नाव कायमचं जोडलं गेलं त्या जागेत दुकान 1840 मध्ये आलं ते त्यांच्याच काळात. डेन्मार्कमधल्या ओडेन्सला कार्ल हान्सन यांनी 1908 मध्ये फर्निचरची कार्यशाळा काढली. त्यांचा मुलगा होल्गर याने हान्स वेग्नर या तरुण डिझायनरला काम दिलं आणि त्यातून 1950 पासून आजतागायत बनत असलेली ‘विशबोन’ खुर्ची आली. होल्गर 1962 मध्ये वारले, तेव्हा कारभार पत्नी एला यांनी हातात घेतला. दोन्ही ठिकाणी पाटीवर नाव बाप-लेकांचं, आणि मधल्या पडत्या काळात धंदा तोलून धरला तो घरातल्या बाईने. तुमच्या घरातही अशी एखादी आजी किंवा काकू असण्याची शक्यता दाट आहे. ‘ती फक्त गल्ल्यावर बसायची’ असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबून खोदून विचारा. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला कोणाची उधारी किती थकली आहे हे पाठ असतं, आणि कोणाला आणखी माल द्यायचा नाही हा निर्णय बहुतेक वेळा तीच व्यक्ती घेत असते.

कधीकधी धंदा तोलणारा माणूस घरातला नसतोच. थॉमस चिपेंडेल हे फर्निचरच्या इतिहासातलं बहुधा सगळ्यात मोठं नाव. 1754 मध्ये त्यांनी आपल्या नमुन्यांचं पुस्तक छापलं, त्याच वर्षी जेम्स रॅनी या भांडवलदार भागीदाराबरोबर लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये धंदा मांडला. 1766 मध्ये रॅनी गेले आणि सगळं डळमळलं. पुढे 1771 मध्ये भागीदार झाले ते थॉमस हेग, म्हणजे रॅनींचे जुने हिशेबनीस. हेग 1796 मध्ये बाहेर पडले. चिपेंडेल यांचा मुलगा, त्याचंही नाव थॉमस, हाताचा उत्तम कारागीर होता, तरी 1804 मध्ये त्याचं दिवाळं वाजलं. दिवाळ्याची कारणं एकाहून जास्त असतात, त्यामुळे हेग गेले म्हणून दुकान बुडालं असं मी म्हणणार नाही. पण त्या दुकानाचा इतिहास फक्त बाप आणि मुलगा यांच्यावर लिहिला, तर हिशेब सांभाळणारा माणूस त्यातून पुसला जाईल. तुमच्याकडे मुनीम, पॉलिशवाला, टेम्पोवाला, गोदाम सांभाळणारा अशी माणसं असतील. त्यांची नावं आणि कामाला लागल्याची वर्षं आत्ताच लिहून काढा.

कारागिरांची नावं जपण्यात इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या, फर्निचर बनवणाऱ्या गिलो घराण्याने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. रॉबर्ट गिलो यांनी साधारण 1730 च्या सुमारास तिथे काम सुरू केलं, मुलं धंद्यात आली, 1769 मध्ये लंडनला शाखा निघाली. त्यांच्याकडे अंदाजपत्रकांच्या चोपड्या होत्या आणि 1784 पासूनच्या त्या चोपड्या आजही लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या नगर अभिलेखागारात आहेत. एका पानावर टेबलाचं नाहीतर कपाटाचं रेखाचित्र, खाली लाकूड किती लागलं, पितळी सामान किती, मजुरी किती, आणि पुष्कळदा काम करणाऱ्या सुताराचं नाव. गिलो घराण्याचा धंद्याशी संबंध पुढे संपला, नाव मात्र दुसऱ्या मालकांकडे चालत राहिलं. आज त्या दुकानाबद्दल आपण जे खात्रीने बोलू शकतो, त्यातलं बरंचसं या रोजच्या हिशेबातून आलं आहे. इतिहास लिहायचा म्हणून कोणी त्या चोपड्या ठेवल्या नव्हत्या.

तुमच्याकडच्या चोपड्यांचंही तसंच आहे. बहुतेक घरांत हिशेबाच्या जुन्या वह्या ‘कचरा’ म्हणून जातात आणि पंचविसाव्या वर्षाच्या समारंभाचा अल्बम तेवढा राहतो. अल्बममधून एक-दोन पानांपुरता मजकूर निघतो. वह्यांमधून सगळं पुस्तक निघतं.

वही वाचायची कशी, हे एका वहीवरून सांगतो. एका घराण्याची खतावणी माझ्याकडे आली होती. अर्ध्या पानापर्यंत एक हस्ताक्षर होतं, उजवीकडे झुकलेलं, घाईचं. एका खुर्चीची नोंद अर्धी लिहून सोडलेली. त्याखाली चार ओळी कोऱ्या. मग दुसरं हस्ताक्षर, सुटं आणि गोल, शाळेत गिरवल्यासारखं, आणि पहिलीच नोंद विक्रीची नव्हती, वसुलीची होती. त्यापुढची जवळजवळ दोन पानं फक्त वसुली: अमुक यांच्याकडून जुनं येणं, तमुक यांच्याकडून निम्मं आलं. उधारीवर नवा माल एकही गेला नव्हता. घरच्यांना एवढंच माहीत होतं की ‘आजोबा अचानक गेले आणि वडिलांनी दुकान सांभाळलं’. वहीने दाखवलं की एकोणीस-वीस वर्षांच्या त्या मुलाने पहिले काही आठवडे काहीच विकायचा प्रयत्न केला नाही, तो गावभर फिरून बापाचं येणं गोळा करत होता आणि त्यातून लाकूडवाल्याचं देणं फेडत होता. ते वाचून दाखवलं तेव्हा त्याची मुलगी, जी आता स्वतः साठीत आहे, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाबा हे कधीच बोलले नाहीत.’

वहीत नेमकं हेच बघायचं. अक्षर कुठे बदललं. उधारी कधी वाढली, कधी एकदम थांबली. लाकूड विकत घेतल्याच्या नोंदी कधी कमी झाल्या आणि तयार मालाच्या नोंदी कधी सुरू झाल्या. हा शेवटचा मुद्दा फर्निचरच्या दुकानात सगळ्यात महत्त्वाचा आहे. पुष्कळशी घराणी मुळात सुतारकामातून आलेली असतात: पुढे दुकान, मागे कार्यशाळा. मग एखाद्या पिढीत मागची कार्यशाळा बंद होते, तिथे गोदाम होतं, आणि बनवणारे लोक विकणारे होतात. हा बदल कधी एका दिवसात होत नाही. सुतारकामाचा शेवटचा ओटा कोणत्या वर्षी हलवला, त्यावर काम करणारा शेवटचा कारागीर कुठे गेला, हे विचारा. एका घरात मला कळलं की बंद झालेल्या कार्यशाळेतली हत्यारं मालकाने विकलीच नाहीत. रंधे आणि पटाशा तेल लावून फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या, आणि दरवर्षी एकदा काढून पुन्हा तेल लावून ठेवत राहिला. त्या माणसाला विकणारा होणं किती जड गेलं असेल, हे कुठल्याही मुलाखतीत आलं नसतं.

चोपड्या उरल्या नसतील तरी हातपाय गाळू नका. माल बोलतो. दुकानातून गेलेल्या वस्तू जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी असतात. त्या बघायला जा आणि उलट्या करून बघा. खण पूर्ण बाहेर काढा, तळाला हात फिरवा. न तासलेल्या बाजूवर करवतीच्या सरळ, कमीजास्त रेघा असतील तर फळी हाताने कापलेली असण्याची शक्यता जास्त. कमानीसारख्या वळणदार रेघा म्हणजे गोल फिरणारी यंत्राची करवत. खणाच्या कोपऱ्यातल्या डव्हटेल सांध्याचे, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या पारव्याच्या शेपटीसारख्या सांध्याचे, दात एकमेकांशी तंतोतंत जुळत नसतील, सुताराच्या आखणीची बारीक रेघ दिसत असेल, तर हाताचं काम. सगळे दात एकाच मापाचे असतील तर बहुधा यंत्राचं. स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल, तर तो स्क्रू 1930 च्या दशकाच्या मध्यानंतरचा, कारण हेन्री फिलिप्स यांचा हा स्क्रू बाजारात आला तेव्हाच. अर्थात एखाद्या दुरुस्तीत नवा स्क्रू जुन्या खुर्चीत जाऊ शकतो, म्हणून एका स्क्रूवर निकाल देऊ नये. दोन-तीन जागी बघावं. सोफ्याची शिवण उसवलेली असेल तर आत डोकवा. नारळाचा काथ्या, घोड्याचे केस किंवा कापूस आहे की फोम? फोम ज्यापासून बनतो त्या पॉलियुरेथेनचं मूळ संशोधन ऑटो बायर यांनी 1937 मध्ये केलं, पण त्याचा फोम गाद्या-सोफ्यांत 1950 च्या दशकापासूनच पसरला. लाकडाच्या भुशा-चिपांचा दाबलेला बोर्ड असेल, तर तो विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचा किंवा नंतरचा.

खणाच्या तळाशी पेन्सिलीचं लिखाण सापडलं तर ते सोनं समजा. मापं, गिऱ्हाइकाचं नाव, ‘डावा’ नाहीतर ‘उजवा’, कधी कारागिराची खूण. दुरुस्तीच्या दिवसांत मी एका कपाटाचा तळ काढला तेव्हा आत तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीच मापं लिहिलेली होती, पहिली दोन खोडलेली. तिघांनी मोजलं होतं आणि तिसऱ्याचं बरोबर आलं होतं. अशा लिखाणाचा फोटो तिरप्या उजेडात काढा, समोरून लाईट मारला तर पेन्सिल दिसत नाही.

आता वस्तूंवरून घराण्याकडे. एक वस्तू घराण्याचं नशीब कसं बदलते, ते मिखाएल थोनेट यांच्या घरात स्वच्छ दिसतं. जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्डला 1819 मध्ये त्यांनी कार्यशाळा काढली. लाकूड वाकवण्याच्या प्रयोगांत कर्ज झालं, बोपार्डमधलं सगळं हातचं गेलं, आणि 1842 मध्ये ते व्हिएन्नाला आले. तिथे नव्याने उभं राहिल्यावर 1853 मध्ये त्यांनी धंदा पाच मुलांच्या नावे केला: ‘गेब्रुडर थोनेट’, म्हणजे थोनेट बंधू. नंतर बीच नावाच्या झाडांच्या जंगलांजवळ, मोराव्हियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात), कारखाना काढला, आणि 1859 मध्ये 14 क्रमांकाची खुर्ची आली. वाफेने मऊ केलेलं बीचचं लाकूड साच्यात वाकवायचं आणि बाहेरच्या अंगाने पोलादी पट्टी आवळून बांधायची, म्हणजे तंतू ताणून फाटत नाहीत. सगळी खुर्ची 6 भागांची, 10 स्क्रू आणि 2 नट. एक घनमीटरच्या खोक्यात अशा 36 खुर्च्या सुट्या करून मावायच्या. फर्निचर हे अवजड, जवळच्या जवळ विकायचं सामान असतं हे गणितच त्याने बदललं.

पण 1869 मध्ये त्या पद्धतीवरचा एकाधिकार संपला आणि याकोब व जोसेफ कोन यांच्यासारखे तगडे स्पर्धक उभे राहिले. 1920 च्या दशकात थोनेट स्वतःच एका मोठ्या समूहात विलीन झालं आणि घराण्याचा ताबा सैल झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर याच घराण्यातल्या गेऑर्ग थोनेट यांनी जर्मनीत फ्रँकनबेर्गला पुन्हा उभारणी केली. माझ्या मते यातलं सगळ्यात बोलकं वर्ष 1853 आहे. बाप जिवंत, हातात जोर, आणि तरी नाव मुलांचं. एकदा सगळं गमावलेल्या माणसाने धंदा वेळेत पुढच्या पिढीच्या हातात ठेवला. तुमच्या आजोबांनी हे केलं का? केलं असेल तर कधी? आणि नसेल केलं, तर तुमच्या वडिलांनी किती वर्षं सहीचा अधिकार नसताना दुकान चालवलं? मधल्या पिढीवर मी इतका भर देतो तो याचमुळे. तिच्या वाट्याला सुरुवातीचं कौतुक येत नाही आणि नव्या दुकानाची झगमगही येत नाही. थकलेली वसुली, जागेचे वाद, बदललेल्या मालाची जोखीम हे सगळं तिनेच उचललेलं असतं.

भांडणाचा प्रश्न तुम्ही थेट विचारलात, त्याचं थेट उत्तर देतो: लिहा. अमेरिकेत ओमाहाला रोझ ब्लमकिन यांनी 1937 मध्ये 500 डॉलर उसने घेऊन नेब्रास्का फर्निचर मार्ट सुरू केलं. कमी नफ्यावर विकायचं आणि गिऱ्हाइकाशी खरं बोलायचं, हे त्यांचं सूत्र. 1983 मध्ये गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे या कंपनीने त्यातला मोठा हिस्सा विकत घेतला, तोही हिशेब न तपासता. पुढे कार्पेटच्या विभागावरून ब्लमकिन यांचं नातवांशी बिनसलं. 1989 मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, त्या बाहेर पडल्या आणि समोरच आपलं वेगळं दुकान थाटलं. काही वर्षांनी बर्कशायरने तेही विकत घेतलं, त्या परत आल्या, आणि 1998 मध्ये 104 व्या वर्षी वारल्या. हे भांडण गाळलं असतं तर त्या बाईंचा पीळ कळलाच नसता, आणि नातवांनी चालवलेलं दुकान किती भक्कम होतं तेही कळलं नसतं.

लिहिताना मात्र पथ्य पाळा. भांडणाचा मुद्दा काय होता ते लिहा: जागा, हिस्सा, नवा माल घ्यायचा की नाही, शोरूम वाढवायची की नाही. कोण कोणाला काय बोललं ते लिहू नका. दोन्ही शाखांच्या माणसांना वेगवेगळं भेटा, आणि लिहिलेलं पान दोघांना वाचून दाखवा. तुम्ही दोघं चुलत भावंडं एकत्र लिहिताय हे फार चांगलं आहे, पण मुलाखतीला एकत्र जाऊ नका. काकांसमोर त्यांच्या पुतणीला वेगळं ऐकू येतं आणि मुलीला वेगळं. उधारीच्या वहीतल्या गिऱ्हाइकांची नावं छापू नका, त्यांची नातवंडं आज तुमच्या दुकानात येत असतील.

मुलाखतीत ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हणू नका. एक बिल, एक कुलूप, लाखेच्या पॉलिशचा वाळलेला बोळा, असं काहीतरी हातात द्या आणि गप्प बसा. बिलांचं मोल ओळखणारा एक माणूस फर्निचरच्या दुकानदारांतूनच निघाला. हील घराण्यातले अँब्रोज हील यांनी जुन्या दुकानदारांची जाहिरात-पत्रं आणि बिलं आयुष्यभर जमवली आणि 1953 मध्ये 1660 ते 1840 या काळातल्या लंडनच्या फर्निचर कारागिरांवर ग्रंथ काढला. शेकडो छोट्या दुकानांची नावं आणि पत्ते त्यामुळे एका जागी आले. त्यांच्या स्वतःच्या दुकानाचे कागद आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या अभिलेखागारात आहेत, आणि दुकान 1983 मध्ये घराण्याच्या हातून गेलं तरी ते शाबूत राहिले.

तुमच्या स्वतःच्या काळाबद्दल कमी लिहा. सुट्या भागांचं, गिऱ्हाइकाने घरी जोडायचं फर्निचर आयकिया या स्वीडिश कंपनीने 1956 पासून विकायला घेतलं आणि नंतर ते जगभर पसरलं. त्याचा तुमच्या दुकानावर काय परिणाम झाला हे एका पानात येईल. अजून चालू असलेल्या गोष्टीचा निवाडा आत्ता नको, फक्त आकडे आणि तारखा नोंदवून ठेवा.

या आठवड्यात दोनच कामं करा. गोदामातल्या सगळ्या वह्या कोरड्या जागी आणा, धूळ मऊ ब्रशने झटका, चिकटपट्टी अजिबात लावू नका, आणि प्रत्येक वहीच्या पहिल्या व शेवटच्या पानाचा फोटो घ्या. आणि तुमच्याकडे सगळ्यात जास्त वर्षं काम केलेला पॉलिशवाला अजून आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. त्याला दुकानात बोलावू नका, तुम्हीच त्याच्या घरी जा. जाताना आजोबांच्या वेळची एक खुर्ची घेऊन जा आणि तिच्यावर हात कोणाचा होता, एवढंच विचारा.